बांधकाम परवानगी नसलेल्या घरावर तारण कर्ज द्यावे का? कायदेशीर जोखमीबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी एका नागरी सहकारी पतसंस्थेच्या कर्ज उपसमितीवर काम करतो. आमच्यापुढे घर तारण कर्जाचे एक प्रकरण आले आहे. त्यावर मत नोंदवण्यापूर्वी सहकार आणि नगररचना कायद्याची माहिती असणाऱ्यांचा सल्ला घ्यावा, असे मला वाटते.

वरवर पाहता कागदपत्रे भरपूर आहेत. नोंदणीकृत खरेदीखत, सातबारा, बिनशेती आदेश, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, घरपट्टीच्या पावत्या आणि वीजबिल, सगळे अर्जदाराच्याच नावावर आहे. वकिलांच्या सर्च रिपोर्टनुसार मालकी निर्वेध असून कोणताही बोजा नाही. घर गावठाणाबाहेर आहे, तळमजला आणि वर दोन मजले. मात्र मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास परवानगी देणारा दाखला) यांपैकी एकही कागद फाइलमध्ये नाही. मूल्यांकन अहवालात एकूण किमतीपैकी साधारण एक चतुर्थांश किंमत जमिनीची आणि उरलेली बांधकामाची धरली आहे. त्याच अहवालाच्या शेवटच्या पानावर, सहीच्या वर, बारीक अक्षरात एक ओळ आहे: 'बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे असल्याचे गृहीत धरले आहे.' ज्या नकाशावर हे मूल्यांकन उभे आहे तो नकाशाच कोणी पाहिलेला नाही, आणि तरीही कर्जाची रक्कम त्याच आकड्यावरून ठरणार आहे.

समितीतील काही ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, घरपट्टी नियमित भरली जाते, म्हणजे घराची शासनदरबारी नोंद आहे. मला हे पटत नाही. नमुना 8 ही कर आकारणीची नोंदवही आहे. महानगरपालिकांच्या हद्दीत तर बेकायदा बांधकामावर शास्ती, म्हणजे दंड, आकारली जाऊ शकते आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हे कायद्यातच म्हटले आहे. कर भरल्याची पावती परवानगीच्या जागी कशी चालेल?

माझ्या वाचनातून मला जे समजले ते मांडतो, चुकत असल्यास कृपया दुरुस्त करावे. परवानगी नाही एवढ्या कारणाने गहाणखत रद्द ठरत नाही, कारण जमिनीची मालकी शाबूत असते आणि त्यावरचा संस्थेचा हक्कही टिकतो. मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 खाली नियोजन प्राधिकरणाने बांधकाम काढून टाकण्याची कारवाई केली, तर संस्थेच्या हातात फक्त जमीन उरते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 66 मधील स्पष्टीकरणानुसार, तारणाची किंमत येणे रकमेपेक्षा एक तृतीयांशाने, आणि तारण इमारतीचे असल्यास निम्म्याने, जास्त नसेल तर ते तारण अपुरे समजले जाते. आमच्या प्रकरणात बांधकामाची किंमत वजा केली, तर मागितलेली रक्कम या कसोटीच्या जवळपासही बसत नाही.

याहून गंभीर प्रश्न मला वसुलीच्या टप्प्यावर दिसतो. आम्ही पतसंस्था आहोत, बँक नाही, त्यामुळे न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्याचा मार्ग आम्हाला खुला नाही. आम्हाला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली वसुली दाखला घेऊन जप्ती आणि लिलाव करावा लागतो. अशा घराच्या लिलावात बोली लावणारा पहिल्यांदा परवानगीचेच कागद मागेल, कारण त्यालाही पुढे कर्ज काढायचे असते. लिलावाला प्रतिसाद मिळाला नाही तर त्याच अधिनियमाच्या कलम 100 आणि त्याखालील नियमांतील नियम 85 नुसार मालमत्ता संस्थेच्या नावे करून घेता येते. पण मग नगररचना अधिनियमाच्या कलम 53 ची नोटीस मालक म्हणून संस्थेलाच येईल. सभासदांच्या ठेवींतून दिलेले कर्ज वसूल करायला जाऊन आम्ही अनधिकृत बांधकामाचे मालक होऊन बसू.

सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 रोजी राजेंद्रकुमार बडजात्या प्रकरणात निर्देश दिला आहे की, बँका आणि वित्तीय संस्थांनी पूर्णत्वाचा दाखला किंवा भोगवटा प्रमाणपत्र पडताळल्यावरच इमारतीच्या तारणावर कर्ज मंजूर करावे. माझा पहिला प्रश्न याच संदर्भात आहे. 'वित्तीय संस्था' या शब्दांत सहकारी पतसंस्था येते, असे धरून आम्ही चालावे का? आणि हा निर्देश माहीत असूनही कर्ज मंजूर केले व पुढे नुकसान झाले, तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 88 खाली समिती सदस्यांवर व्यक्तिशः जबाबदारी निश्चित होऊ शकते का?

दुसरा प्रश्न प्रतिज्ञापत्राचा. 'बांधकामाबाबत काही कारवाई झाल्यास मी जबाबदार राहीन' असे कर्जदाराकडून लिहून घ्यावे आणि दोन सक्षम जामीनदार घ्यावेत, असा प्रस्ताव पुढे आला आहे. या कागदाने नियोजन प्राधिकरण बांधले जात नाही, हे उघड आहे. पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 68 खाली पुढे जादा तारण किंवा पूर्ण रक्कम मागताना, 'संस्थेला सुरुवातीपासूनच सगळे ठाऊक होते' हा बचाव कर्जदार घेऊ शकेल का? वसुलीची प्रकरणे चालवलेल्या वकिलांनी यावर जरूर लिहावे.

तिसरा प्रश्न नियमितीकरणाचा. 1966 च्या अधिनियमातील कलम 52अ खाली 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या बांधकामांचा, आणि गुंठेवारी (मंजूर रेखांकनाशिवाय पाडलेले लहान भूखंड) कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारी भूखंडांचा विचार होऊ शकतो. अर्जदार म्हणतात की ते नियमितीकरणासाठी अर्ज करणार आहेत. केवळ अर्जाच्या पोचपावतीवर रक्कम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी सध्या केवळ जमिनीच्या किमतीवर बसेल एवढेच कर्ज मंजूर करून, नियमितीकरणाचा आदेश मिळाल्यावर पुरवणी गहाणखताने उरलेली रक्कम द्यावी, असा ठराव करता येईल का? अर्जदार प्रामाणिक आहेत, त्यांची निकड खरी आहे, म्हणून सरसकट नकार देण्याआधी हा मार्ग तपासून पाहायचा आहे. अशा अटीचा ठराव किंवा पुरवणी गहाणखताचा मसुदा कोणी वापरला असेल, तर त्यातील मंजुरीच्या अटीची शब्दरचना कृपया येथे द्यावी.