प्रोजेक्ट चौघांचा, कोड एकाचा: टीमवर्क शिकवायचं तरी कसं?

ट्रान्सहार्बर:
गेली ११ वर्षं नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. परवा शेवटच्या वर्षाचे व्हायवा झाले. चौघांचा गट होता. लॉगिन कसं चालतं विचारलं, तर मुलीने शेजारच्या मुलाकडे पाहिलं. डेटाबेस कोणी केला? तोच मुलगा. बाकीच्यांपैकी एकाने ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, टाइप केलेलं, एकीने पीपीटी, एकाने बाइंडिंगची धावपळ. मार्क चौघांना सारखेच, कारण आमच्याकडे तसेच देतात.

मला सर्वांत जास्त लागलं ते त्या मुलाचं उत्तर. "मॅडम, त्यांना समजावत बसण्यापेक्षा मीच करून टाकलं." चार वर्षांत आम्ही त्याला हेच शिकवलं.

यावर सॉफ्ट स्किलची दोन दिवसांची कार्यशाळा हा उपाय नाही. मला वाटतं, सेमिस्टरच्या मध्यावर गटांनी कोडची अदलाबदल करावी. पुढचं काम दुसऱ्या गटाच्या कोडवर. आणि तुमच्या कोडवर पुढच्यांना किती काम करता आलं, यावर तुमचे निम्मे मार्क.

महापे_नाइटशिफ्ट:
मॅडम, नाही पटलं. मी मुलाखती घेतो. टीम प्लेअर आहे असं प्रत्येकाच्याच रेझ्युमेवर असतं, पण लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या नोंदींची साखळी, उलटी करायला सांगितली की पेन थांबतं. माणसांत वागायला पोरं नोकरीत सहा महिन्यांत शिकतात. कच्चा राहिलेला पाया मात्र कंपनीत कोणी भरून देत नाही, तिथे डेडलाइन असते. कॉलेजातले मोजके तास यात घालवू नका. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घ्या, एकमेकांना मेलवर सोलून काढणाऱ्यांनीच उभं केलं ना?

ट्रान्सहार्बर:
लिनक्सचंच बघू. २००५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट हे कोडमधले बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिलं, ते जगभरच्या लोकांचे बदल एकत्र आणता यावेत म्हणूनच. आणि २०१८ च्या सप्टेंबरात याच माणसाने मेलमधल्या आपल्या भाषेबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामातून बाजूला झाला. नोकरीत आपोआप येतं म्हणता, त्यांना किती वर्षं लागली बघा.

दुसरं, १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाशी पोचून नष्ट झालं. एका टीमचं सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स सेकंदांत आकडे देत होतं, दुसरी टीम ते न्यूटन-सेकंद धरत होती. दोन्हीकडे हुशार माणसं. चौकशी अहवालात टीममधला अपुरा संवाद हेही एक कारण दिलं आहे.

महापे_नाइटशिफ्ट:
ती एककांची चूक आहे, दोन्ही भाग जोडून घेतलेल्या एका इंटिग्रेशन टेस्टने पकडली गेली असती. म्हणजे पुन्हा तांत्रिक शिस्तच.

ट्रान्सहार्बर:
ती टेस्ट लिहायला दोन्ही टीमना एकमेकांना विचारावं लागलं असतं, की तुमचा आकडा कशात आहे? माझ्या वर्गात हा प्रश्न विचारायला पोरं लाजतात. विचारलं तर आपल्याला येत नाही असं दिसेल, ही भीती. ती घालवणं माझं काम आहे.

खारेगाव_स्लो:
मी थर्ड इयरला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. मॅडमचा हेतू चांगला आहे, पण भीती वाटते. मागच्या सेमला गटातल्यांनी एकमेकांना मार्क द्यायचे होते. मला 'सहभाग कमी' असा शेरा मिळाला. कोड तपासणाऱ्या टेस्ट केसेस सगळ्या मी लिहिल्या होत्या. मीटिंगमध्ये इंग्रजीत बोललो नाही, एवढंच. टीमवर्कचे मार्क म्हणजे शेवटी फाडफाड बोलणाऱ्याचे मार्क होतात.

ट्रान्सहार्बर:
तुझं म्हणणं खरं आहे, आणि हे माझ्याही वर्गात झालं असणार. म्हणूनच बोलण्यावर मार्क नकोत. रीडमी, म्हणजे कोडसोबतची माहितीची फाइल, वाचून दुसऱ्या गटाला तुझा कोड चालवता आला का, तुझ्या टेस्टने त्यांची चूक पकडली का, हे बघू. शांत मुलाचं कामही त्यात दिसतं.

महापे_नाइटशिफ्ट:
अदलाबदलीचं मात्र खरं आहे, कारण आमचं काम तेच. कॉलेजात केटी म्हणजे विषय राहिला, कंपनीत केटी म्हणजे जाणाऱ्याने काम समजावून देणं. एकदा एकाने तीन दिवसांत केटी उरकली आणि गेला. त्याचा एक मॉड्यूल समजून घ्यायला आम्हाला दोन महिने लागले. हुशार होता, लिंक्ड लिस्ट त्याला झोपेतही आली असती. पण ६० पोरांचे कोड तपासणार कोण? तुम्ही एकट्या?

ट्रान्सहार्बर:
६० जमणार नाहीत. जुलैपासून एकाच बॅचचे चार गट घेते. तुम्ही एखाद्या शनिवारी याल का? दुसऱ्याचा कोड कसा वाचायचा, एवढंच दाखवायला.

महापे_नाइटशिफ्ट:
येतो. पण पाया कच्चा असेल तर तेही तोंडावर सांगेन.

खारेगाव_स्लो:
मॅडम, तुमच्या त्या गटांना कोड मराठीत समजावता येईल का? व्हायवालाही?

ट्रान्सहार्बर:
माझ्यासमोर, हो. एक्स्टर्नलशी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकांशी, मी आधी बोलून बघते.