अनुभव धागा : पोरांची फुटबॉल टीम, बाहेरगावची टूर्नामेंट आणि सोबत आपण

पेठकरी
काल रात्री गल्लीत टेम्पो ट्रॅव्हलर येऊन उभारली. तेरा वर्षांखालची पोरं, गळ्यात शूज लटकवलेले, आया डबे चढवायल्यात, एक बाप ड्रायव्हरला घाटात सावकाश जा म्हणून परत परत सांगतोय. गोव्याला चालली होती टीम. आमचा पोरगा आता कॉलेजात आहे, शूज माळ्यावर पडलेत, पण ते बघून आमची म्हापशाची टूर्नामेंट डोळ्यापुढं आली. म्हटलं धागाच काढू.

२०१७ ला आपला अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात खेळला आणि कोल्हापुरात प्रत्येक बापाला आपल्या घरात स्ट्रायकर दिसायला लागला. त्या हवेतच आम्ही गेलो. पालक पोरांपेक्षा जास्त. आणि एका पालकानं सोबत हलगी घेतलेली! शाहू स्टेडियमला पेठांची मॅच असली की कसं असतं ते इथल्यांना सांगायला नको. आमच्या डोक्यात मॅच म्हणजे तेच.

आंबोलीच्या घाटात निम्मी गाडी ओकली. म्हापशाला दुलेर स्टेडियमच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, पोरं उतरली आणि पाय उचलून नाचायला लागली. मे महिना, दुपार, टर्फ तव्यासारखं तापलेलं. आमची सगळी गांधी मैदानाच्या मातीत वाढलेली, चेंडू मातीवर जेवढा उडतो तेवढा उडणार असं धरून चालणारी. इथं तो सुळ्ळकन पुढं निघून जायचा. हाफ टाइमलाच तीन गोल बसले. हलगी तर पाचव्या मिनिटालाच रेफरीनं बंद पाडली.

समोरची गोयंकार पोरं एकही शब्द न बोलता पास देत होती. त्यांचे आईबापपण गप्प. नुसत्या टाळ्या. आमच्याकडून मात्र एकाच वेळी "वर जा", "मागं ये", "मार की लेका". पोरानं ऐकायचं कुणाचं?

मॅच संपल्यावर त्यांच्यातल्या कुणाची तरी आजी आमच्या लंगडणाऱ्या पोराजवळ आली, "पांयाक लागलें रे बाबा?" म्हणाली, आणि पिशवीतनं सोलकढीची बाटली काढून दिली. पोरगं रडायचं थांबलं. त्याचा बाप तोवर रेफरीशी ऑफसाइडवर भांडत होता. पाच शून्यनं हरलेल्या मॅचमध्ये!

तुमचं सांगा.

सतीश_ठाणे
आम्ही क्रिकेटवाले. लिहिलं तर चालेल का?

पेठकरी
नाही 😄

गौरीची_आई
हलगी!!! मेले हसून.
आमचं सुब्रतो कपचं, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेचं. मुलींची शाळेची टीम. जिल्हा, विभाग, राज्य असं जिंकत जिंकत पोरी दिल्लीला पोचल्या. खरं तर बाई आणि सर सोबत होते, पालकांची गरज नव्हती, पण आम्ही चार आया आपापली तिकिटं काढून त्याच गाडीनं. घरी सांगितलं "मुलींची जेवणाची आबाळ होते". निम्मं खरं. निम्मं आम्हालाच जायचं होतं. लग्नानंतर नवऱ्याशिवाय पहिल्यांदाच एवढ्या लांब.

आंबेडकर स्टेडियम म्हणजे दिल्ली गेटपाशी, शेजारी कोटलाचं क्रिकेट मैदान. बाहेरच्या क्रिकेटच्या बोर्डाखाली आमच्या पोरींनी आधी फोटो काढले, मग आत. झारखंडच्या मुलींशी मॅच होती. काय पळतात त्या! आमची सेंटर बॅक मॅचनंतर म्हणाली, "आई, मी तिला अडवायला वळले तेव्हा ती गोल करून परत येत होती."
संध्याकाळी त्याच मुली आमच्या पोरींच्या वेण्या घालत बसल्या होत्या. भाषा एकमेकींची धड येत नाही. क्लिपांची अदलाबदल झाली. गौरीकडची एक अजून आहे.

कपडे बदलायच्या जागेबद्दल लिहायला बसले तर धागा भरकटेल. चार ओढण्या आणि चार आया, एवढंच म्हणते. कुकर झाला, येते.

रानवारा
गौरीची आई, त्याबद्दलच लिहा खरं तर. मुलींच्या टीमबरोबर जाणाऱ्या पालकांना तेच माहीत हवं. आम्ही आता एक फोल्डिंगचा तंबू नेतो, पोर्टेबल चेंजिंग रूम म्हणून मिळतो. सगळ्यांनी पैसे घालून घेतला. मैदानाच्या कोपऱ्यात उभा केला की काम झालं. आणि पाळीच्या पॅडचं एक पाऊच कॅप्टनकडे, कुणी कुणाला मागायला नको.

गौरीची_आई
हे फार बेष्ट. तेव्हा सुचलं असतं तर!

बाबा_उंच_मुलाचे
आमचं दुःख वेगळंच. चिरंजीव बाराव्या वर्षी पावणेसहा फूट आणि ओठावर मिसरूड. कुठल्याही गावाला गेलं की समोरच्या टीमचे पालक आधी याच्याकडे, मग माझ्याकडे, मग संयोजकांकडे. एका ठिकाणी एका गृहस्थांनी मोठ्यांदा विचारलं, "याची पोरं कुठल्या वयोगटात खेळतात?" सगळं मैदान हसलं. हाही हसला. मी नाही हसलो.
तेव्हापासून फाइल घेऊन फिरतो. जन्मदाखला मूळ प्रत, आधार, शाळेचं बोनाफाईड, झेरॉक्सचा गठ्ठा. पुढे एका निवड चाचणीत मनगटाचा एक्सरेसुद्धा झाला. हाडांच्या वाढीवरून वय ठरवतात, डाव्या मनगटाचा काढतात. निकाल येईपर्यंत माझंच बीपी वर. वयात बसला. ती फिल्म मी जपून ठेवलीय.

सतीश_ठाणे
फ्रेम करा 😂

कोच_बोलतोय
मी लहान मुलांना शिकवतो, म्हणून दुसरी बाजू. पेठकरी यांनी लिहिलंय ना, ऐकायचं कुणाचं, तेच. बॉल पायात आला की पोरगं मान वर करून मोकळा खेळाडू बघायच्या ऐवजी बापाकडे बघतं. तो अर्धा सेकंद गेला की बॉल गेला. मी बाहेरगावी आता पालकांना समोरच्या लाइनीला बसवतो, आमच्या बेंचच्या बाजूला एकही नाही. टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, पण "मार", "दे", "पळ" अशी क्रियापदं बंद. एका आजोबांनी विचारलं, "मग बोलायचं काय?" त्यांना पाण्याच्या बाटल्यांचं खातं दिलं. उत्तम सांभाळलं. आता तेच बाकीच्यांना गप्प करतात.

अजून एक. मॅचनंतर परत येताना गाडीत मॅचचा विषय काढू नका. दोन तास तरी. पोरांना भूक लागलेली असते.

पेठकरी
क्रियापदं बंद 🙏 आमच्या पेठेत हा नियम आणला तर स्टेडियम सुनं पडेल.

स्वीडनची_मावशी
इथे रात्र आहे, झोप येत नाही म्हणून लिहितेय. आम्ही योतेबोरीला, म्हणजे गोथेनबर्गला राहतो. दर जुलैत इथे गोथिया कप असतो, १९७५ पासून. जगभरातून मुलांच्या टीम येतात. सगळ्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे मुलं शाळांच्या वर्गातच जमिनीवर गाद्या टाकून झोपतात. ट्रॅममध्ये पाय ठेवायला जागा नसते, एका डब्यात ब्राझीलची गाणी, दुसऱ्यात आणखी कुठली. मला तो आठवडा दिवाळीसारखा वाटतो.

एका वर्षी पुण्याची टीम आली होती, कुणाच्या तरी ओळखीनं पालकांनी फोन केला. मुलांची तक्रार नव्हती, पास्ता न् बटाटे मजेत खात होती. हवालदिल झाले होते पालक! "वरणभात मिळेल का हो?" मोठं पातेलं घेऊन ट्रॅमनं गेले. शाळेच्या बाहेर गवतावर बसून सगळे जेवले. शेजारच्या वर्गातली मेक्सिकोची मुलं वास घेत आली, त्यांनी लोणचं मागून खाल्लं आणि आमचीच मुलं "तिखट आहे, तिखट आहे" म्हणून सांगत राहिली. मेक्सिकोच्या मुलांना!
रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे कुणी झोपायचं नावच घेईना. एक बाबा दारात बसून हजेरी घेत होते.

रानवारा
मावशी, लोणचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. (तिखटानं नाही.)

टर्फग्रस्त
टर्फवरून आल्यावर वॉशिंग मशीनमध्ये ते काळे रबरी दाणे येतात त्याचं काय करता? मोज्यांतून, शूजमधून, केसांतून. परवा भाजीत एक सापडला, मोहरी समजून खाल्ला.

गौरीची_आई
@टर्फग्रस्त, मोजे उलटे करून गॅलरीत आपटायचे, मगच मशीन. आणि टर्फवर घसरून खरचटलं असेल तर आधी पाण्यानं दाणे धुऊन काढा, तसंच मलम लावू नका.

जुना_गोली
मी पालक नाही, तेव्हाचा पोरगा. गोलकीपर. आई गोलच्या मागे बसायची, विणकाम घेऊन. गोल झाला की बॉल तीच आणून द्यायची, त्यामुळे तिची चाल बरीच व्हायची 😅 कुठल्या गावाला किती गोल खाल्ले ते आठवत नाही. गाडीत मागच्या सीटवर मेंढीकोट चालायचा, त्यात कॅप्टन हुकूम बदलायचा, ते चांगलं आठवतंय. त्यावरून आजही ग्रुपवर भांडण आहे.

बाबा_उंच_मुलाचे
हुकूम बदलणाऱ्याचं वय तपासलं होतं का?

नवी_आई
आत्ताच सगळं वाचलं. आमची पहिलीच टूर्नामेंट, पुढच्या महिन्यात, गोव्यालाच, रात्रीचा प्रवास. डब्याला काय देऊ? मला फक्त पोळीभाजी सुचतेय आणि ती दुपारपर्यंत वास मारेल.

गौरीची_आई
दशम्या. कणीक पाण्यात नाही, दुधात भिजवायची, गुळाच्या हव्या तर गूळ दुधात विरघळवून. तेलाचं मोहन, मंद आचेवर भाजा, पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका. दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी. ज्याला गाडी लागते त्याला निघायच्या आधी पोटभर खायला घालू नका.

पेठकरी
आणि आंबोलीच्या आधी पिशव्या वाटून ठेवा. हलगी घरी ठेवा.

नवी_आई
लिहून घेतलं. गूळ किती घालू, चार वाट्या कणकेला?

गौरीची_आई
पाऊण ते एक वाटी. चिरून मोजा.