पाचशेच्या नोटेवर पेनाने हिशेब, बाद झाली का?

दादर फुलबाजारात गाळा आहे माझा. पहाटेच्या गर्दीत नोट कोण उलटून बघतो? आता मालवाला घेईना, म्हणतो बाद.

↳ बाद कसली! लिहिलेली नोटही चलनातच. खात्यात भरून टाका. बाद होते ही व्हॉट्सअ‍ॅपची पुडी आहे.

↳ राजकीय घोषणा लिहिली असेल तर मात्र अडेल. रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या नोट परतावा नियमांत दावा फेटाळतात. नाण्यांचं आणखी कडक: २०११ च्या कायद्याने वितळवलं, तोडलं तर सात वर्षांपर्यंत कैद.

↳ नुसता हिशेबच आहे, भरतो. आणि लग्नसराईत नोटांचे हार मागतात, ते?

↳ दादा, रिझर्व्ह बँक तेही नको म्हणते, स्टेपलही नको. झेंडूचेच विका, धंदा तुमचाच!