मदत हवी आहे : कोंबड्याचा पाय मोडलाय, घरी कसं सांभाळू?

नमस्कार, मी धायरीत राहते. आमच्या दीड वर्षाच्या गावरान कोंबड्यावर परवा कुत्र्याने झडप घातली, डावा पाय नडगीत मोडला. जवळच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली, पण "कापून खा" म्हणाले. ते आमच्याकडून होणार नाही; पिल्लू असल्यापासून आईच्या मांडीवर वाढलाय तो. सध्या खोक्यात भाताचं तूस घालून ठेवलाय. ज्वारी, उकडलेलं अंडं खातो. पाणी मात्र वाटी चोचीशी धरली तरच. सतत बसून छातीच्या हाडावरची कातडी लाल झालीय, त्याचीच जास्त काळजी वाटते. कापडी झोळीत पाय मोकळे सोडून टांगलं तर चालेल का? दिवसातून किती वेळ? पुण्यात पक्ष्यांचं हाड बसवणारे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? पहाटे अजून आरवतो हो.