गॅस गिझर बिघडला तर घरच्या माणसाने कुठवर हात घालावा?

शाहूपुरीकर (सातारा)
थंडी पडली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'गिझर घरीच दुरुस्त करा, पैसे वाचवा' असा एक मजकूर फिरतो. यंदा त्यात झाकण उघडून बर्नर घासायला सांगितलंय. जास्त तापल्यावर गिझर बंद करणारा कटआउट 'डायरेक्ट' करण्याची युक्तीही दिलीय. मला हे धोक्याचं वाटतं. पाणी आणि सेल इथपर्यंत आपण, गॅस आणि ज्योत आली की मेकॅनिक, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या हातात बरंच काही असतं. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, स्विच दबतो, सेलच्या विजेवर ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. टकटक आवाजच येत नसेल तर आधी दोन्ही सेल बदला. मग पाणी आत येतं तिथली बारीक जाळी काढून धुवा, पावसाळ्यानंतर तिथे हमखास रेती अडकते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर टाकीची उंची बघा. दहा मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. टाकी डोक्यावर दोनच मीटर असेल तर दाब जेमतेम ०.२ बार, मग गिझर रडणारच. वीसेक मिनिटांनी आपोआप बंद पडला तर बहुतेक तो बिघाड नसतो. पुष्कळ गिझरांत तशी वेळ मुद्दाम लावलेली असते.

पण ज्योत पिवळी, वर काजळी, किंवा 'धप्' असा आवाज होऊन पेटणं, यांतलं काहीही दिसलं तर गिझर तिथेच बंद. 'धप्' म्हणजे ठिणगी पडण्याआधीच गॅस साचलेला असतो.

मेढ्याचा माणूस
दादा, साताऱ्यात बसून हे बोलणं सोपं आहे. आमच्याकडे मेकॅनिक बोलवायचा म्हणजे 'उद्या येतो' ऐकत बसायचं. घरात म्हातारी माणसं, बाळंतीण, त्यांना गार पाण्याने आंघोळ घालायची का? आणि जो येतो तो कुठे शिकून येतो? सकाळी नळाचं काम, दुपारी मिक्सर, संध्याकाळी गिझर. त्याच्यापेक्षा गिझरसोबत आलेली पुस्तिका नीट वाचलेला माणूस बरा. आमच्या गावची पोरं विहिरीवरची मोटर खोलून बसवतात, त्यांना बर्नर घासता येणार नाही?

शाहूपुरीकर
मेकॅनिकबद्दल तुमचं पटतं. पण मोटरशी तुलना नाही पटत. चुकीची बसवलेली मोटर पाणी देत नाही, लगेच कळतं. चुकीचा जुळवलेला बर्नर मात्र गरम पाणी देतच राहतो, आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडत राहतो. काम जमलं असं वाटून पोरगं घरी जातं आणि आंघोळीला दुसरंच कोणीतरी बसतं.

कृष्णाकाठ (सांगली)
एवढं घाबरवायची गरज नाही. एक्झॉस्ट फॅन लावा, विषय संपला. गॅस सुटला तर वास येतोच की.

मिरजेची सिस्टर
कृष्णाकाठ भाऊ, ही समजूत सगळ्यात घातक आहे, म्हणून सविस्तर लिहिते. वास येतो तो सिलिंडरमधल्या गॅसला, कारण त्यात मुद्दाम वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायांतलं बळ जातं. माणसाला दार दिसत असतं, पण कडी काढता येत नाही. घरचे समजतात चक्कर आली, साखर कमी झाली.

आणखी एक. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी ९७, ९८ असा आकडा दाखवू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनच्या रक्तापासून वेगळं ओळखता येत नाही. आकड्यावर विसंबू नका. माणसाला उघड्या हवेत न्या, दवाखान्यात नेताच 'गॅस गिझर चालू होता' हे आधी सांगा. ऑक्सिजन लगेच सुरू होणं महत्त्वाचं असतं.

फॅनचं म्हणाल तर फॅन हवा बाहेर काढतो, पण दाराखालून ताजी हवा आत यायला फट नसेल तर तो धुराड्यातून वर जाणारी हवाही उलटी खेचतो. आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीलगत पसरतो. वरच्या फॅनला तो लवकर सापडत नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत हवा. तिथून आत फक्त गरम पाण्याचा पाइप. यात मी तडजोड करणार नाही.

पाचगणीहून
इथली एक गोष्ट सांगतो. थंडीत ज्योत बारीक झाली की लोक गिझर बिघडला म्हणतात. सिलिंडर गॅलरीत गारठलेला असतो. आतल्या ब्युटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास होणंच थांबतं, आणि वाफ होताना सिलिंडर आणखी गार पडतो. संपत आलेल्या सिलिंडरला हे जास्त जाणवतं. त्यावर उकळतं पाणी ओतणारे मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. नळ थोडा बारीक करा, पाणी जास्त तापतं.

विश्रामबाग
भाऊ शिकागोला असतो. तिथे घर तापवायला तळघरात गॅसची भट्टी असते. तिचा हवेचा फिल्टर घरची माणसं स्वतः बदलतात, कारण तो तुंबला की भट्टी तापून आपोआप बंद पडते. पण ज्योत बर्नरबाहेर आल्यावर भट्टी बंद करणारा स्विच पुन्हा पुन्हा दाबून चालू करायचा नाही, माणूस बोलवायचा. आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. शाहूपुरीकरांची रेषा तिथेही तीच आहे. तो अलार्म आपल्याकडेही विकत मिळतो.

वाईकर आजोबा
आमचा तांब्याचा बंब बरा होता.

मिरजेची सिस्टर
काका, बंब मागल्या अंगणात होता म्हणून बरा होता. बंद न्हाणीघरात निखारे ठेवले तर तोच वायू.

मेढ्याचा माणूस
ताई, तुमचं वाचून बर्नरचा हट्ट सोडला. कटआउट डायरेक्ट करणाऱ्याला तर मीही उभा करणार नाही. पण नळीचं काय? गळती कोणी बघायची? त्यालाही चार दिवस थांबायचं?

शाहूपुरीकर
गळती आपणच बघायची, आणि रोज बघितली तरी चालेल. साबणाचा फेस नळीच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरला लावा, बुडबुडे आले की रेग्युलेटर बंद. काडी पेटवून कधीही नाही. घरात वास भरला असेल तर बटण चालूही करायचं नाही, बंदही नाही, फॅनचंसुद्धा नाही. खिडक्या-दारं उघडून बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ ला फोन करा. नळीवर छापलेली तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर नवी घ्या.

मेढ्याचा माणूस
हे करतो. पण मेकॅनिकचं माझं म्हणणं मागे घेत नाही. आमची एजन्सी शेगडी बघायला माणूस पाठवते, तो गिझरकडे ढुंकून बघत नाही. थंडीच्या आधी तालुक्याला शिकलेला एक माणूस आठवडाभर बसवा, आम्ही पैसे देऊन गिझर दाखवू. तोवर जाळी आणि सेल मी बघेन, आणि गिझर या रविवारी बाथरूममधून गॅलरीत काढून घेतो. पाइप वाढवायला प्लंबर गावातच आहे, गॅसच्या जोडणीला मात्र साताऱ्याचा माणूस येईपर्यंत थांबतो.