यरुशलेमच्या सभेत पेत्र हजर असताना शेवटचा शब्द याकोबाचा कसा?

गुरुवारपेठकर (प्रश्न):
पुण्यातील आमच्या मंडळीच्या अभ्यासवर्गात सध्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक चालू आहे. २९ जूनला संत पेत्र व संत पौल यांचा सण येतो, त्या निमित्ताने शेजारच्या कॅथलिक कुटुंबाशीही याच विषयावर बोलणे झाले आणि एक प्रश्न मनात राहिला. मत्तयाच्या १६व्या अध्यायात प्रभू पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या देण्याचे वचन देतो. पुनरुत्थानानंतरच्या पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्टला) पहिले प्रवचन पेत्रच करतो आणि सुमारे ३,००० लोक बाप्तिस्मा घेतात. असे असताना इ. स. ४९च्या सुमारास यरुशलेमेत जी सभा भरली, तिचा निर्णय तेथील मंडळीचा पुढारी याकोब सांगतो आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तर आपण पेत्राला तोंडावर विरोध केला, असे पौल लिहितो. मग मंडळीच्या स्थापनेत पेत्राचे नेमके कार्य कोणते मानावे?

नगररोडकर:
‘कृत्यां’चा १५वा अध्याय कृपया पुन्हा सावकाश वाचावा. यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यावी की नाही, यावर पुष्कळ वाद झाल्यावर पेत्र उठतो, कैसरीयात यहूदी नसलेल्या रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरी काय घडले याची आठवण देतो आणि आपण व ते, दोघेही प्रभूच्या कृपेनेच तारले जातो, असे सांगतो. त्यानंतर सभा शांत होते. बर्णबा व त्याचा सहकारी पौल आपले अनुभव सांगतात आणि याकोब बोलू लागतो तो शिमोनाने, म्हणजे पेत्राने, जे सांगितले त्याचाच आधार घेऊन. मूर्तींना वाहिलेले पदार्थ, जारकर्म, गळा दाबून मारलेले प्राणी व रक्त यांपासून दूर राहावे, ही व्यवस्था याकोबाने सुचवली. परंतु जिच्यावर ती उभी आहे ती भूमिका पेत्राची होती. राजा हेरोद अग्रिप्पाच्या तुरुंगातून सुटल्यावर पेत्र यरुशलेम सोडून गेला होता. तेथील मंडळीची धुरा याकोबाकडे असल्याने समारोप त्याने करणे स्वाभाविकच होते. आम्ही कॅथलिक लोक पेत्राला ख्रिस्तसभेच्या ऐक्याचा आधार मानतो, आणि मला तर तो या सभेत स्पष्ट दिसतो.

खडकीकर:
सभेविषयीचे वरील विवेचन मला पटते. पेत्राला सर्वत्र ‘संस्थापक’ म्हणणे मात्र पटत नाही. शोमरोनात सुवार्ता प्रथम फिलिप्पाने नेली आणि पेत्र व योहान मागाहून आले. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव ज्या अंत्युखियात प्रथम मिळाले, तेथील मंडळी तर पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या हत्येनंतर पांगलेल्या, कुप्र व कुरेने येथील अशा माणसांनी उभी केली, ज्यांची नावेसुद्धा ‘कृत्यां’चा लेखक लूक याने दिलेली नाहीत. रोमचेही तसेच आहे. पौलाने इ. स. ५७च्या सुमारास रोमकरांस पत्र लिहिले, तेव्हा तेथे विश्वासणारे होतेच; शेवटच्या अध्यायात तो अनेकांना नावानिशी सलाम सांगतो, त्यांत पेत्राचे नाव नाही. रोमची मंडळी पेत्र व पौल यांनी स्थापन केली, असे ल्योंचा बिशप इरेनियस लिहितो ते इ. स. १८०च्या सुमारास. याने पेत्राचे मोठेपण कमी होते असे मी मुळीच मानत नाही. जे काम इतरांच्या हातून आधीच सुरू झाले होते, तेथे जाऊन ते देवाचेच आहे असे ओळखणे आणि यरुशलेमच्या मंडळीशी ते जोडून घेणे, हे त्याचे खरे प्रेषितकार्य होय. कैसरीयात मात्र पहिले पाऊल त्याचेच होते, आणि त्याबद्दल, म्हणजे सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन जेवल्याबद्दल, ११व्या अध्यायात त्याला स्वतःच्याच माणसांना जाब द्यावा लागला.

गुरुवारपेठकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला त्या अंत्युखियातील वादाचे मात्र काय? इतके धैर्य दाखवलेला पेत्र तेथे मागे का सरला?

वानवडीकर:
याकोबाकडून काही लोक आले, तोपर्यंत पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, एका पंक्तीला जेवत होता. मग सुंता झालेल्यांच्या भीतीने तो वेगळा बसू लागला आणि बर्णबाही त्यांच्यात ओढला गेला, असे पौल लिहितो. येथे पौल पेत्राच्या शिकवणुकीला खोटे म्हणत नाही. त्याचे वागणे त्याच्याच विश्वासाशी जुळत नाही, एवढाच त्याचा आक्षेप आहे. पेत्राने काय उत्तर दिले ते पौलाने लिहिलेले नाही, त्यामुळे कोण जिंकले हा वाद मला व्यर्थ वाटतो. पुढे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात उठलेल्या प्रभूचे दर्शन कोणाकोणाला झाले हे सांगताना पौल पहिले नाव केफाचे, म्हणजे पेत्राचेच घेतो. इ. स. ९६च्या सुमारास रोमहून करिंथच्या मंडळीला जे पत्र गेले, आणि जे परंपरेने क्लेमेंटचे मानले जाते, त्यातही पेत्र व पौल यांनी सोसलेले हाल लागोपाठ सांगितले आहेत. आपल्या वर्गात ‘कृत्यां’तील १०वा व ११वा अध्याय आणि गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय एकाच बैठकीत वाचता आले, तर जरूर वाचावेत, कर्नेल्याच्या घरी जेवलेला माणूस अंत्युखियात कशाला भ्याला असेल, हे ११व्या अध्यायातील जाबजबाबावरून चांगले समजते.