विरळ झालेली हिरवळ पुन्हा भरायची आहे, कुठून सुरुवात करू?

पायवाट

घरामागे साधारण 15 बाय 20 फुटांचा हिरवळीचा तुकडा आहे. वडिलांनी एकेक काडी रोवून लावलेली हरळी. ते गेल्यावर निगा माझ्याकडे आली आणि दोन वर्षांत तिची रया गेली. मधोमध परातीएवढी दोन टकलं पडली आहेत, कडेने लव्हाळा घुसलाय आणि झाडाखाली तर नुसती माती उरली आहे.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइपने पाणी मारते. यंत्राने दर तीन आठवड्यांनी अगदी खालून कापते, म्हणजे लवकर वाढू नये. दोनदा युरिया टाकला. आठवडाभर हिरवंगार दिसलं, मग पुन्हा पिवळं.

सगळं उखडून तयार लॉनचे गालिचे अंथरा, असा सल्ला मिळालाय. पण हे वडिलांच्या हातचं गवत आहे आणि आई रोज सकाळी त्यावर अनवाणी चालते. शक्य असेल तर हेच जगवायचं आहे. काय करावं, कृपया सांगा.

ओली_माती

उखडू नका. हरळीच्या काड्या जमिनीवरूनही धावतात आणि जमिनीखालूनही सरकतात. वर सगळं करपलेलं दिसलं तरी खाली पेरं जिवंत असतात. शिवाय खालची माती जशीच्या तशी ठेवून वर नवा गालिचा टाकलात, तर वर्षभरात त्याचीही हीच गत होईल.

आधी दोन गोष्टी करून बघा आणि इथे लिहा. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर हाताच्या जोराने जमिनीत खुपसा. किती आत जातो? मग टकलाच्या काठावर, जिथे थोडं गवत आहे तिथे, कुदळीने वीतभर खोल मातीचा चौकोन काढा आणि आडवा ठेवून मुळं कुठवर गेलीत ते पाहा. त्याआधी खत, औषध काहीही टाकू नका.

कुंपणापाशी

माती घट्ट झाली असेल तर सरळ दोन इंच वाळू पसरा. निचरा सुधारतो.

ओली_माती

@कुंपणापाशी, इथे मी सहमत नाही. चिकण मातीवर वाळूचा वेगळा थर दिला की मुळं त्या थरातच अडकतात, खालची माती होती तशीच घट्ट राहते. मैदानांवर वाळू वापरतात, पण तिथे खालची सगळी बांधणीच वाळूची असते. घरच्या मातीला चाळलेलं कंपोस्टच द्यावं.

पायवाट

करून पाहिलं. स्क्रूड्रायव्हर बोटाच्या दोन पेरांएवढा गेला आणि थांबला. पूर्ण जोर लावला तरी पुढे सरकेना.

चौकोन काढताना कुदळ दोनदा उसळली. वरची इंचभर माती काळपट, ओलसर. त्याखाली एकदम फिकट, कोरडी, विटेसारखी. सगळी पांढरी मुळं वरच्या इंचात गुंता करून बसलेली आणि तिथून आडवी वळलेली, जणू खाली फरशी लागलीय. ते बघून फार वाईट वाटलं. रोज पाणी देत होते आणि ते खाली पोचतच नव्हतं.

पात्यांची टोकं जवळून पाहिली तर तीही कापलेली दिसत नाहीत. फाटून पांढुरक्या धाग्यांसारखी झालीत.

ओली_माती

ताई, तुमच्या गवताची सगळी कहाणी त्या चौकोनात आहे. रोजच्या थोड्या पाण्याने वरचा इंचच ओला होतो, म्हणून मुळं वरच राहतात. मग एक दिवस ऊन कडक पडलं की तो इंच सुकतो आणि गवत पिवळं पडतं. त्यात खालून कापणी. गवत पानातच अन्न तयार करतं. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पान काढलं की ते आधी पान भरून काढतं आणि मुळांची वाढ थांबते. युरियाने त्या अशक्त मुळांवर आणखी पान वाढवायला लावलं, म्हणून आठवड्याची हिरवाई.

पहिलं काम जमीन मोकळी करण्याचं, आणि ते वाफशावरच करा. चिखलात बागकाटा घातला तर भोकांच्या कडा लिंपल्या जातात, सुक्यात तो आत जाणारच नाही. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच फुटावा, तो वाफसा. मग दातेरी बागकाट्याने दर 10-15 सेंमीवर, जमेल तेवढी खोल भोकं पाडा आणि काटा आत असताना किंचित मागे-पुढे हलवा. मातीच्या गुंड्या उपसून काढणारं पोकळ दातांचं यंत्र भाड्याने मिळालं तर त्याहून उत्तम. त्या गुंड्या तिथेच सुकून विरघळू द्या.

लगेच वरून अर्धा सेंमी कंपोस्ट पसरा. तुमची जागा सुमारे 28 चौरस मीटर, म्हणजे 140 लिटर लागेल. दंताळ्याच्या पाठीने ते भोकांत लोटा. पात्यांची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत, गवत गाडायचं नाही. कंपोस्ट पूर्ण कुजलेलंच घ्या. कच्च्या शेणखतातून तणाचं बी येतं.

आता पाणी. वाढीच्या दिवसांत पाऊस नसेल तर आठवड्याला साधारण 25 मिमी लागतं. एका चौरस मीटरवर 1 मिमी म्हणजे 1 लिटर, तेव्हा तुमच्यासाठी आठवड्याचे 700 लिटर. ते दोन वेळांत विभागून द्या. पाइपच्या अंदाजावर विसंबू नका. तुषार लावा, सरळ कडांचे पाच-सहा रिकामे डबे इथे-तिथे ठेवा आणि 15 मिनिटांनी पट्टीने पाणी मोजा. 6 मिमी भरलं तर एका पाळीला अर्धा तास चालवायचं. पाणी वाहून जाऊ लागलं तर थांबा, मुरू द्या, मग पुन्हा सुरू करा. वेळ पहाटेची ठेवा. संध्याकाळी दिलं की पान रात्रभर ओलं राहतं आणि बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं.

कापणीची उंची 4 सेंमी ठेवा आणि गवत 6 सेंमी झालं की कापा. वाढ जोरात असताना हे दर आठवड्यालाही करावं लागेल. वेळ जातो, मान्य आहे, पण हिरवळ दाट होण्याचं याहून सोपं साधन मला माहीत नाही. पात्याला आधी धार लावून घ्या, फाटलेली टोकं त्याचीच खूण आहे. कापलेलं बारीक गवत तिथेच पडू द्या, त्यातला नत्र मातीला परत मिळतो.

युरिया सध्या बंद. महिन्या-दीड महिन्याने गवत सावरलं की चौरस मीटरला 10 ग्रॅम, म्हणजे तुमच्या जागेला पावणेतीनशे ग्रॅम. अर्धा उभा, अर्धा आडवा फिरून टाका आणि लगेच पाणी द्या. त्याआधी माती तपासून घेतलीत तर सामू (पीएच), म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते, कळेल. 6 ते 7 च्या दरम्यान असेल तर तिकडे लक्ष द्यायची गरज नाही.

खुरपं

लव्हाळ्याबद्दल. वरून उपटू नका, खाली गाठींची माळ असते आणि प्रत्येक गाठीतून नवा कोंब येतो. देठ बोटांत फिरवून बघा, तिकोनी लागला तर लव्हाळाच. जमीन ओली असताना, कोंब कोवळे असताना खुरप्याने गाठीसकट काढा आणि दर आठवड्याला फेरी मारा. गाठींमधला साठा संपेपर्यंत सोडायचं नाही. माझ्याकडे पूर्ण हंगाम लागला होता.

टकलांवर गवत चटईसारखं सहज उचललं जातंय का तेही पाहा. तसं असेल तर खाली हुमणी असते, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी. फूटभर चौरसात दोन-चार दिसल्या तर घाबरू नका, तेवढ्या निरोगी गवताला सोसतात.

सावली

झाडाखाली मात्र हरळीचा हट्ट सोडावा असं मला मनापासून वाटतं. तिला सहा तास तरी थेट ऊन लागतं. मी तीन वेळा लावली, तिन्ही वेळा गेली. शेवटी बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं गोल आळं केलं. झाडही खूश दिसतं, आणि कापताना यंत्र खोडाला घासत नाही. पाचोळा खोडाला टेकू मात्र देऊ नका, साल कुजते.

गारवा

आमची हवा थंड आहे आणि गवत फेस्क्यू. हेच सगळं लागू पडेल का?

ओली_माती

@गारवा, पाण्याचं आणि भोकांचं तेच. उंची मात्र 7-8 सेंमी ठेवा. फेस्क्यू टकलं स्वतःहून भरत नाही, बी टाकावं लागतं, आणि त्याला हिवाळ्याआधीची, उन्हाळा ओसरल्यावरची वेळ सगळ्यात चांगली. भर उन्हाळ्यात खत नको.

पायवाट

दहा आठवड्यांनी लिहितेय. काटा मारताना तीन दिवस लागले, तळहाताला फोड आले, पण सगळी जागा झाली. डब्यांच्या मोजणीत कळलं की डाव्या कोपऱ्यात पाणी जवळजवळ पोचतच नव्हतं. पहिले दोन आठवडे काहीच फरक नव्हता आणि मी धीर सोडला होता. तिसऱ्या आठवड्यात एका टकलाच्या काठावरून एक काडी सरळ मध्ये निघाली, आणि तिच्या प्रत्येक पेराला दोन-दोन हिरवी पानं! आईला हाताला धरून दाखवायला नेलं.

दुसरं टकलं भरत नव्हतं, म्हणून गवताच्याच निरोगी भागातून तीन पेरांच्या काड्या घेऊन वितेच्या निम्म्या अंतरावर रोवल्या. पंधरा दिवस दिवसातून दोनदा झारीने पाणी दिलं. बहुतेक लागल्यात. स्क्रूड्रायव्हर आता मुठीपर्यंत जातो.

नव्या तुकड्याभोवती सुतळी बांधली आहे, आई रोज तिथे येऊन वळसा घालते. ती कधी काढू?

ओली_माती

दोन-चार काड्या चिमटीत धरून हलकेच ओढून बघा. सहज हातात आल्या तर अजून थांबा. मातीने धरून ठेवल्या तर पहिली कापणी करा, वरचं अगदी थोडंच, आणि त्यानंतर आठवड्याने सुतळी सोडा. सुरुवातीचे काही दिवस आईंना कोरड्या जमिनीवरच चालू द्या, पाणी दिल्या दिवशी नको.

पायवाट

आत्ताच ओढून पाहिलं. पाच काड्यांपैकी चार हलल्या नाहीत. पाचवी पुन्हा रोवली.